तळटीपेतील मराठी

प्रदेशाभ्यासाच्या इंग्रजी नियतकालिकांत मराठीला स्थान नाही, ही मराठी विद्यापीठीय वर्तुळात नेहमी ऐकू येणारी तक्रार आहे, आणि ती खरी नाही. स्थान आहे. ते लेखाच्या कोणत्या भागात आहे, कोणत्या नात्याने आहे आणि त्या नात्यामुळे मराठीतील विचाराचे काय होते, हा खरा प्रश्न आहे. तक्रार करणाऱ्यांना तो नको असतो, कारण त्याच्या उत्तराचा अर्धा भाग त्यांच्याच दाराशी येऊन थांबतो. दुसरीकडे, परदेशी नियतकालिकात उल्लेख झाला म्हणजे मराठी ग्रंथाचे सोने झाले असे मानणारा एक वर्ग आहे. उल्लेख झाला यातच तो तृप्त असतो. उल्लेख कशासाठी झाला हे पाहण्याकरिता तळटीप वाचण्याची तसदी तो घेत नाही.

एखाद्या ज्ञानशाखेचे नियतकालिक कोणाला छापते आणि कोणाचा आधार घेते, या गोष्टी वरवर कारकुनी वाटतात. पण संदर्भनिर्देशाची व्यवस्था ही श्रेयाची व्यवस्था असते. विचार कोणी केला आणि माहिती कोणी पुरवली, याचा निवाडा लेखाच्या प्रतिपादनात क्वचितच उघडपणे होतो. तो संदर्भसूचीत निमूटपणे उरकला जातो. सिद्धान्त ज्याच्याकडून घ्यायचा त्याचे नाव लेखाच्या पहिल्या दोन पानांत, मुख्य मजकुरात येते. उदाहरण ज्याच्याकडून घ्यायचे त्याचे नाव पुढे कुठेतरी, बारीक टंकात. मराठी ग्रंथकार जवळजवळ नेहमी या दुसऱ्या जागी आढळतो. तो ज्ञानेश्वरकालीन असो की परवाचा, त्याची गणना साधनांत होते.

'जर्नल ऑफ एशियन स्टडीज' हे या क्षेत्रातील अग्रगण्य अमेरिकी नियतकालिक घ्यावे. १९४१ साली ते 'फार ईस्टर्न क्वार्टर्ली' या नावाने निघाले आणि १९५६ साली त्याने आजचे नाव घेतले. नावातला बदल हा भारतीय उपखंडाला मिळालेला उशिराचा प्रवेश होता. पुढे १९५८ च्या राष्ट्रीय संरक्षण शिक्षण कायद्याने तेथील विद्यापीठांना परकीय भाषांच्या अध्यापनासाठी पैसा दिला. भाषा शिकवण्याच्या कायद्याच्या नावात 'संरक्षण' हा शब्द असावा, हे विसरता येत नाही. मात्र त्या एका शब्दावरून साऱ्या प्रदेशाभ्यासाला हेरगिरी ठरवणे हा रिकामटेकडा उद्योग होय. त्या दशकांत पेनसिल्व्हेनिया, शिकागो अशा ठिकाणी मराठी शिकवली गेली, तिची संदर्भव्याकरणे व पाठ्यपुस्तके तयार झाली, आणि काही अभ्यासकांनी आपले आयुष्य या भाषेला दिले. त्यांच्याविषयी पुढे बोलावेच लागेल.

या नियतकालिकाचा वाचक मात्र कोण, हे आधी ध्यानात घेतले पाहिजे. चीनच्या महसूलव्यवस्थेचा अभ्यासक, जपानी कादंबरीचा अभ्यासक, इंडोनेशियातील इस्लामचा अभ्यासक आणि महाराष्ट्राचा अभ्यासक, या सर्वांना एकाच अंकात एकमेकांचे काही वाचता यावे, अशी त्याची अपेक्षा असते. अपेक्षा रास्त आहे. पण तिचा परिणाम असा की, मराठीविषयक लेख तेथे मराठीच्या प्रश्नासाठी छापला जाऊ शकत नाही. तो कोणत्यातरी व्यापक प्रश्नाचे उदाहरण म्हणूनच छापला जाऊ शकतो. राष्ट्रवाद, आधुनिकता, सार्वजनिक अवकाश, देशीभाषांचा उदय: प्रश्न आधीच ठरलेले असतात, आणि मराठीने त्यांपैकी एकासाठी पुरावा आणायचा असतो. मर्ढेकरांचा लयसिद्धान्त टिकतो की नाही, हा मराठी समीक्षेने अनेक दशके चघळलेला प्रश्न त्या पानांवर लेखाचा विषय होणे कठीण. यात कोणाचा दुष्टावा नाही. हा त्या दुकानाचा माल आहे, एवढेच. दुष्टावा नसलेल्या व्यवस्थाही अन्याय करतात, आणि तो अन्याय कसा घडतो हे पाहण्यासाठी एक उदाहरण सविस्तर तपासणे उपयोगाचे ठरेल.

नोव्हेंबर १९६२ च्या अंकात याच नियतकालिकाने इरावती कर्वे यांचा पंढरीच्या वारीवरील लेख इंग्रजी रूपात प्रसिद्ध केला. आळंदीहून ज्ञानेश्वरांच्या पालखीबरोबर चालत गेलेल्या एका स्त्रीचा तो अनुभव आहे. दिंडीत ब्राह्मण आणि मराठा स्त्रिया एकत्र चालतात, एकत्र गातात, पण स्वयंपाक आणि पंगत वेगळी. आणि हे वेगळेपण लेखिकेला सलत राहते. महाराष्ट्राची ओळख वारीवरून पटवणारे तिचे विधान याच लेखातले. महाराष्ट्राच्या धर्मजीवनावरील इंग्रजी लेखनात त्या विधानाइतके वारंवार उद्धृत झालेले दुसरे मराठी विधान दाखवणे अवघड आहे. १९८८ साली एलिनॉर झेलियट आणि मॅक्सीन बर्नसन यांनी संपादित केलेल्या महाराष्ट्रातील धर्मविषयक लेखसंग्रहात तो लेख पुन्हा छापला गेला, आणि नव्या पिढीच्या तळटीपांत त्याला दुसरे वर्ष मिळाले.

आता मराठी वाचकाला हा लेख कोणत्या नात्याने परिचित आहे ते पाहावे. तो 'परिपूर्ती' या ललितलेखसंग्रहातला 'वाटचाल' हा लेख होय. मराठी साहित्याच्या इतिहासात इरावतीबाईंचे जे स्थान आहे ते ज्या ललित गद्यामुळे, त्या गद्याचा तो एक नमुना. त्यातला 'मी' हा समाजशास्त्रज्ञाचा निवेदक नाही. स्वतःच्या तुटलेपणाकडे थोड्या उपरोधाने पाहणारा, भक्त होऊ न शकणारा आणि तरीही भक्तीने हललेला असा तो घडवलेला 'मी' आहे. वारीची व्याख्याही त्या 'मी'च्या भावस्थितीतून, प्रवासाच्या एका टप्प्यावर उमटते; तो तिचा समाजशास्त्रीय निष्कर्ष म्हणून मांडलेला नाही. प्रदेशाभ्यासाच्या पानावर आल्यावर हे सारे गळून पडले. उरली ती एका शिकलेल्या ब्राह्मण स्त्रीची प्रत्यक्षदर्शी साक्ष. ललितनिबंध हा वाङ्मयप्रकारच त्या व्यवस्थेला ओळखू येत नव्हता, म्हणून त्याचा दस्तऐवज झाला.

यातला खरा उपरोध पुढेच आहे. इरावती कर्वे बर्लिनच्या डॉक्टरेट होत्या, डेक्कन कॉलेजात त्यांनी अनेक वर्षे समाजशास्त्र व मानववंशशास्त्राचे काम केले, आणि भारतातील आप्तसंबंधव्यवस्थेवरचा त्यांचा इंग्रजी ग्रंथ १९५३ सालचा. म्हणजे शास्त्रज्ञ म्हणून बोलणारी व्यक्ती उपलब्ध होती, तिचे शास्त्रीय लेखन इंग्रजीतच होते. तरीही महाराष्ट्रविषयक चर्चेत तिच्या वाट्याला जी सर्वांत मोठी कीर्ती आली ती अनुभव सांगणारी म्हणून. शास्त्राने बोलायचे ते इतरांनी. आणि लेखक-वर्ष पद्धतीच्या कृपेने १९७० साली निवर्तलेली लेखिका काही सूच्यांत 'कर्वे १९८८' या नावाने विधाने करते आहे. मूळ मराठी संग्रहाचे नाव आणि वर्ष ज्या सूचीत नाही, ती सूची वाचणाऱ्या विद्यार्थ्याला हा लेख मराठीत होता, मराठी वाचकांसाठी होता आणि मराठी ललितगद्याच्या एका परंपरेला उत्तर देत होता, हे कळण्याचा मार्ग नाही.

वर्षाचा हा घोटाळा किरकोळ नाही. रा. चिं. ढेरे यांचा 'श्रीविठ्ठल : एक महासमन्वय' हा ग्रंथ १९८४ सालचा. विठ्ठलाचे मूळ गवळी-धनगरांच्या दैवतात शोधणारी, त्याच्या वैष्णवीकरणाची दीर्घ प्रक्रिया उलगडणारी ती मांडणी मराठीत त्याच दशकात चर्चिली गेली. १९८७ सालचे साहित्य अकादमीचे पारितोषिक तिला मिळाले. तिचे अॅन फेल्डहाउस यांनी केलेले इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध झाले २०११ साली. मधली सत्तावीस वर्षे इंग्रजीपुरते लिहिणाऱ्याचा हात विठ्ठलासंबंधी सहज जाई तो जी. ए. देल्यूरी यांच्या १९६० साली पुण्यातच प्रकाशित झालेल्या ग्रंथाकडे, कारण तो इंग्रजीत होता. आता ज्या लेखांच्या सूचीत 'ढेरे २०११' एवढेच छापले जाते त्या लेखांत ढेरे हे आपल्यानंतर आलेल्या अभ्यासकांचे अनुयायी ठरतात. ज्यांनी त्यांच्यापासून घेतले ते आधीचे, आणि ज्याने दिले तो नंतरचा. श्रेयाची उलटापालट करण्यासाठी वाङ्मयचौर्य करावे लागत नाही. प्रकाशनवर्ष तेवढे बदलले की पुरते.

हा केवळ 'पाश्चात्त्य विरुद्ध आपण' असा मामला नाही, हे गुंथर सोन्थायमर यांच्या उदाहरणावरून दिसते. बिरोबा, म्हस्कोबा आणि खंडोबा या दैवतांवरचा त्यांचा ग्रंथ १९७६ साली जर्मनीत, जर्मन भाषेत प्रसिद्ध झाला. धनगरांच्या ओव्या स्वतः ऐकून, वाड्यावस्त्यांवर हिंडून लिहिलेला तो ग्रंथ इंग्रजीत आला १९८९ साली. तेरा वर्षे तोही इंग्रजी वाचकाच्या दाराबाहेर उभा होता. जर्मन पंडिताला तेरा आणि मराठी पंडिताला सत्तावीस, असा दर आहे म्हणायचा! प्रश्न वंशाचा कमी आणि एकभाषिकतेचा अधिक आहे. अनेक भाषांच्या प्रदेशाचा अभ्यास एका भाषेत करायचा आणि त्या एका भाषेत जे नाही ते अजून लिहिलेच गेलेले नाही असे धरून चालायचे, ही या क्षेत्राची सवय होऊन बसली आहे.

दलित साहित्यविचाराच्या बाबतीत या सवयीचे फळ अधिक कडू आहे. शरणकुमार लिंबाळे यांचे 'दलित साहित्याचे सौंदर्यशास्त्र' मराठीत १९९६ साली आणि आलोक मुखर्जी यांच्या इंग्रजी भाषांतरात २००४ साली आले. इंग्रजीतील चर्चेत हे भाषांतर दलित सौंदर्यविचाराचा आरंभबिंदू असल्यासारखे वापरले जाते. वस्तुतः लिंबाळ्यांचा ग्रंथ हा एका लांबलेल्या वादातला उशिराचा हस्तक्षेप आहे. त्याच्यामागे बाबुराव बागुलांचे 'दलित साहित्य : आजचे क्रांतिविज्ञान' आहे, शरद पाटलांनी १९८८ साली मांडलेले अब्राह्मणी सौंदर्यशास्त्र आहे, 'अस्मितादर्श'च्या अंकांतून गंगाधर पानतावणे यांनी चालवलेली चर्चा आहे, आणि रा. भा. पाटणकरांच्या 'सौंदर्यमीमांसा'सारख्या ग्रंथाने सौंदर्यविचाराला जी तात्त्विक चौकट दिली तिच्याशी असलेला उघड-छुपा झगडाही आहे. हा संदर्भ काढून घेतला की ग्रंथ जाहीरनाम्यासारखा दिसू लागतो. मग इंग्रजीतला समीक्षक त्यात युक्तिवाद नाही, आवेश आहे असे सांगतो. युक्तिवाद ज्यांच्याशी होता त्यांची नावे भाषांतराच्या वाचकाला अनोळखी. म्हणून युक्तिवादच नव्हता असे ठरते. हे ठरवणाऱ्याला बागुलांची एक ओळही वाचावी लागलेली नसते.

आणि राजवाडे? 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालिकेचा पहिला खंड १८९८ सालचा. खंडांना जोडलेल्या त्यांच्या प्रस्तावना म्हणजे इतिहासमीमांसेचे, समाजरचनेचे आणि भाषाविचाराचे प्रबंधच होत. त्यांतले कित्येक सिद्धान्त आज टिकणारे नाहीत, काही तर विक्षिप्त आहेत, पण ते सिद्धान्त आहेत. इंग्रजी सूचीत मात्र खंडाची नोंद साधनग्रंथ म्हणून होते आणि प्रस्तावना त्या नोंदीच्या पोटात गडप होते. मालिकेचे नावच 'साधने' ठेवणाऱ्या राजवाड्यांना आपल्या विनयाची ही किंमत अपेक्षित नसावी.

या सगळ्यावर एक ठरीव उत्तर असते: मराठी ग्रंथ मिळत नाहीत. हे उत्तर निदान अमेरिकेतील अभ्यासकाने देऊ नये. तेथील काँग्रेस ग्रंथालयाची दिल्ली कचेरी १९६२ पासून पी. एल. ४८० योजनेखाली भारतीय भाषांतील पुस्तके व नियतकालिके खरेदी करून तेथील विद्यापीठ-ग्रंथालयांना पाठवीत आली. गव्हाच्या किमतीपोटी साचलेल्या रुपयांतून मराठी कादंबऱ्या, समीक्षाग्रंथ आणि मासिकांचे अंक समुद्रापार गेले. अनेक मराठी मासिकांचे अंक तेथे महाराष्ट्रातल्या कित्येक महाविद्यालयांपेक्षा सुस्थितीत आहेत, ही गोष्ट मराठी माणसाने मान खाली घालून ऐकावी अशी आहे. ग्रंथ कपाटात आहेत. ते उघडायचे की नाही, हे संपादक आणि परीक्षक काय मागतात यावर ठरते. आणि अलीकडचा इंग्रजी सिद्धान्तग्रंथ राहून गेला तर परीक्षक लेख परत पाठवतो, मराठी समीक्षाग्रंथ राहून गेला तर बहुधा त्याच्या ते लक्षातही येत नाही.

उघडणारेही आहेत, आणि त्यांच्यावर अन्याय होता कामा नये. झेलियट यांनी दलित चळवळीची पत्रके, कवने, नियतकालिके हा आपल्या अभ्यासाचा पाया मानला. फेल्डहाउस यांनी शं. गो. तुळपुळे यांच्याबरोबर जुन्या मराठीचा कोश सिद्ध केला. कोशाच्या मुखपृष्ठावर दोन नावे शेजारी-शेजारी आहेत, एक तळटीपेत आणि एक वर असे नाही. सुमित गुहा यांनी २००४ साली पश्चिम भारतातील इतिहासकथनावर जो लेख लिहिला त्यात बखरींचा विचार मराठी वाचूनच झालेला आहे. इतिहासकार आणि धर्माभ्यासक या बाबतीत साहित्याभ्यासकांपेक्षा बरे, असे साधारणपणे म्हणता येईल. त्याचे कारणही उघड आहे. इतिहासाला साधन लागतेच. साहित्यविचाराला सिद्धान्त लागतो, आणि सिद्धान्त मराठीतून येऊ शकतो ही कल्पनाच तेथे रुजलेली नाही. तुळपुळ्यांचा अभिजात मराठी साहित्याचा इतिहास १९७९ साली जर्मनीतून इंग्रजीत निघाला, म्हणून तो वाचला गेला. अशोक केळकरांचे मराठीतील भाषा-साहित्यविचाराचे लेखन मराठीत राहिले, म्हणून त्यांच्या इंग्रजी भाषावैज्ञानिक निबंधांपलीकडचे केळकर बाहेर कोणाला ठाऊक नाहीत.

इथवर जे दिसले ते अभ्यासकांच्या सवयींचे दोष होते. त्यांना यंत्राची जोड मिळाली तेव्हा दोषाचे मोजमाप झाले, आणि मोजमापाचे पुढे मूल्य झाले. यूजीन गारफील्ड यांनी १९५५ साली उद्धरणनिर्देशिकेची कल्पना मांडली ती विज्ञानासाठी. विज्ञानाची निर्देशिका १९६४ साली, सामाजिक शास्त्रांची १९७३ साली आणि कला-मानव्यविद्यांची १९७८ साली आली. कल्पना चतुर होती: निवडक नियतकालिके घ्यायची, त्यांच्या सूच्यांत कोणाचा निर्देश किती वेळा आला ते मोजायचे. पण निवडीबाहेरचे नियतकालिक मोजले जात नाही. 'नवभारत'मधल्या लेखकाने 'आलोचना'तल्या लेखाला उत्तर दिले, 'अनुष्टुभ्'मध्ये त्याचा प्रतिवाद झाला, तर निर्देशिकेच्या हिशेबी काहीच घडले नाही. मराठीतला सारा वाद, आरोप-प्रत्यारोपांसह, शून्य. मराठी ग्रंथाचा निर्देश इंग्रजी नियतकालिकात झाला तरच तो मोजला जाणार, आणि त्यातही नाव जुळले तर.

नावाचे प्रकरण तर विनोदी आहे. मराठी समीक्षेत गो. म. कुलकर्णी, द. भि. कुलकर्णी आणि व. दि. कुलकर्णी हे तीन वेगवेगळे विचार आहेत. आद्याक्षरे गाळून कोणी नुसते 'कुलकर्णी' म्हटले तर मराठी वाचक विचारील, कोणते? आडनाव आधी घेऊन आद्याक्षरांवर गुजराण करणाऱ्या यंत्राला हा प्रश्न पडत नाही. ढेऱ्यांचे नाव रोमन लिपीत टिंबासह आणि टिंबाविना अशा दोन रूपांत वावरते. ज्ञानेश्वर कधी 'जे'खाली, कधी 'डी'खाली सापडतात. कुसुमाग्रज आणि वि. वा. शिरवाडकर यांचे एकत्व यंत्राला कोणी सांगितलेले नसते. एका लेखकाचे चार होतात आणि चौघांचा एक.

त्यावर कळस म्हणजे इम्पॅक्ट फॅक्टर. मागील दोन वर्षांत छापलेल्या लेखांना चालू वर्षात किती निर्देश मिळाले, त्याची ही सरासरी. जीवरसायनशास्त्रात दोन वर्षांत लेख जुना होत असेल. ज्या ग्रंथाला दुसऱ्या भाषेत पोचायलाच सत्तावीस वर्षे लागली, त्याच्या क्षेत्राला दोन वर्षांची पट्टी लावणे म्हणजे वडाच्या झाडाला मेथीच्या जुडीचा हिशेब लावणे होय. ज्यांनी हे मोजमाप निर्माण केले त्यांनाही मानव्यविद्यांच्या बाबतीत संकोच होता; कला-मानव्यविद्यांच्या निर्देशिकेतील नियतकालिकांना इम्पॅक्ट फॅक्टर देण्यास त्यांनी सुरुवात केली ती थेट २०२३ साली. भारतात मात्र २०१० च्या नियमावलीपासूनच अध्यापकांच्या गुणांकनात त्याला जादा गुण ठेवण्यात आले होते. जे मोजलेच जात नव्हते त्याचे गुण मराठीच्या अध्यापकाने कोठून आणायचे होते, याचे उत्तर त्या नियमावलीत नाही.

त्यानंतरचा इतिहास विद्यापीठीय वाचकाच्या अंगावरून गेलेलाच आहे. २०१७ साली मान्यताप्राप्त नियतकालिकांची यादी आली; २०१८ साली तिच्यातून चार हजारांवर नावे काढून टाकावी लागली; २०१९ साली 'केअर' यादी आली; आणि २०२५ च्या फेब्रुवारीत तीही बंद झाल्याचे जाहीर झाले. या आठ वर्षांत मराठीत काय झाले? आयएसएसएन क्रमांक हा विद्वत्तेचा टिळा झाला. क्रमांक आहे, पण वाचक नाही, अशी 'संशोधनपत्रिका' जन्माला आली. तिच्या जाड अंकात पन्नास लेख, प्रत्येक लेख चार पानांचा, आणि प्रत्येक लेखाच्या शेवटी पाच पुस्तकांची यादी, ज्यांपैकी एकाचाही लेखात उपयोग केलेला नाही. ज्या जुन्या मासिकांनी मराठी समीक्षा घडवली त्यांना मात्र यादीत शिरण्यासाठी अर्ज करावे लागले. जर्नल ऑफ एशियन स्टडीजने मराठीवर हे लादले नव्हते. त्याच्या संपादकांना याची कल्पनाही नसेल. परक्या नियतकालिकाच्या प्रतिष्ठेची सावली आपल्या गुणपत्रिकेवर पाडून घेण्याचे काम इथल्याच समित्यांनी केले.

म्हणून आता दाराशी येऊन थांबलेल्या त्या अर्ध्या उत्तराकडे वळले पाहिजे. प्रदेशाभ्यासाने मराठी समीक्षकाला उद्धृत केले नाही हे खरे. पण मराठी समीक्षक मराठी समीक्षकाला उद्धृत करतो काय? 'एका नामवंत समीक्षकाने म्हटल्याप्रमाणे', 'काही टीकाकारांचे असे मत आहे', 'मागे एका चर्चासत्रात असे सांगण्यात आले' ही मराठी समीक्षेची लाडकी वाक्ये आहेत. ज्याच्याशी भांडायचे त्याचे नाव घ्यायचे नाही, कारण संबंध बिघडतात. ज्याच्याकडून घ्यायचे त्याचेही घ्यायचे नाही, कारण ऋण दिसते. 'सत्यकथा'च्या आस्वादक वळणाने तळटीपेला रसिकतेच्या विरोधी मानले, त्याचाही हा वारसा आहे. उलट तोच समीक्षक बार्थ, फूको किंवा देरिदा यांचे नाव मुख्य मजकुरात, पहिल्याच पानावर, वर्षासकट घेतो. अनेकदा मूळ न पाहता, एखाद्या इंग्रजी प्रवेशिकेवरून. म्हणजे सिद्धान्त वर, मराठी खाली, ही जी विभागणी प्रदेशाभ्यासाच्या पानावर दिसते, तीच मराठी प्रबंधात जशीच्या तशी आहे. त्या परदेशी संपादकाला दोष देताना मराठी मार्गदर्शकाने आपल्या विद्यार्थ्याच्या प्रबंधाची पहिली तीस पाने उघडून पाहावीत.

देशीवादाचा झेंडा घेतलेल्यांनीही या बाबतीत फारसे काही केलेले नाही. भालचंद्र नेमाडे यांच्या 'टीकास्वयंवर'ने मराठी समीक्षेच्या परप्रकाशितपणावर जो हल्ला चढवला तो आवश्यक होता. परंतु परप्रकाशितपणा संपवायचा तर स्वतःचा प्रकाश कोठे साठवला आहे याची नोंद ठेवावी लागते, आणि ते काम घोषणेइतके रोमहर्षक नसते. शं. ग. दाते यांनी ते केले. १८०० ते १९३७ या काळातील मराठी पुस्तकांची त्यांची ग्रंथसूची १९४३ साली आणि पुढील १९५० पर्यंतचा भाग १९६१ साली प्रसिद्ध झाला; नियतकालिकांच्या सूचीचे कामही त्यांनी सहकाऱ्यांसह तडीस नेले. मराठी विद्येला स्वतःचे स्मरण असावे म्हणून एका माणसाने केलेला हा प्रचंड उद्योग आज किती विभागांतून पदव्युत्तर विद्यार्थ्याच्या हाती दिला जातो? सुट्या मासिकांच्या सूच्या पुढेही झाल्या, काही फार चांगल्या झाल्या. पण 'अस्मितादर्श', 'नवभारत', 'आलोचना', 'प्रतिष्ठान', 'युगवाणी', 'महाराष्ट्र साहित्य पत्रिका', 'भाषा आणि जीवन' यांत एखाद्या विषयावर काय लिहिले गेले, हे एका ठिकाणी पाहता येण्याची सोय विद्यार्थ्याला नाही. तो इंग्रजीत शोधतो, कारण इंग्रजीत शोधता येते. तेथे त्याला 'लिंबाळे २००४' सापडतात आणि तो तेच मराठी प्रबंधात उतरवून घेतो. अशा रीतीने १९९६ सालचा मराठी ग्रंथ मराठीतच २००४ सालचा होतो.

'केअर' बंद झाल्यामुळे नियतकालिकांचा दर्जा ठरवण्याची जबाबदारी आता विद्यापीठांवर आणि महाविद्यालयांवर आली आहे. ही संधी आहे असे मानणाऱ्यांना तिचा उपयोग करायचा असेल तर मराठीच्या अभ्यासमंडळांना दोन गोष्टी लगेच ठरवता येतील. भाषांतरित ग्रंथाचा निर्देश करताना मूळ वर्ष आणि मूळ शीर्षक आधी आले नाही तर प्रबंध परत पाठवावा, आणि पीएच.डी.च्या विषयाला मान्यता देण्यापूर्वी त्या विषयावर मराठी नियतकालिकांत आजवर झालेल्या लेखनाची सूची विद्यार्थ्याकडून करून घ्यावी, ती विभागाच्या ग्रंथालयात ठेवावी, आणि पुढच्या विद्यार्थ्याने ती पुढे न्यावी. यासाठी अनुदान लागत नाही, क्रमांक लागत नाही, परदेशी संपादकाची संमतीही लागत नाही. पन्नास-शंभर सूच्या जमल्या की १९५० नंतरच्या मराठी समीक्षेचा एक कच्चा नकाशा हाती येईल. त्यानंतर जर्नल ऑफ एशियन स्टडीजच्या परीक्षकाला, अमुक लेखात बागुलांचा विचार का घेतला नाही, असे नाव, अंक आणि पृष्ठ देऊन विचारता येईल.